यूएसबी टीव्ही ट्यूनर: ‘सिग्नल मधेच जातो’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या यूएसबी टीव्ही ट्यूनरबद्दलचा (संगणकावर टीव्ही दाखवणारं छोटं उपकरण) तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. तक्रार थोडक्यात अशी: चित्र छान चालू असताना मधेच चौकोन पडतात, काही सेकंद ‘नो सिग्नल’ येतं आणि आपोआप परत लागतं. बाहेरच्या हार्ड डिस्कवर फाइली कॉपी होत असल्या की हे जास्त होतं. बूस्टर (सिग्नल वाढवणारं उपकरण) लावल्यावर आणखी बिघडलं. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकूनही फरक नाही. तीच केबल टीव्हीला लावली तर सगळं ठीक. आणि एवढं असून आम्ही ‘ट्यूनर चांगला आहे’ म्हणून तो परत पाठवला.

वैताग येणं साहजिक आहे. पण तुम्हीच लिहिलेल्या दोन गोष्टी, हार्ड डिस्क आणि बूस्टर, यांवरून संशय ट्यूनरवर कमी आणि त्याच्या आजूबाजूवर जास्त जातो. आज नवा ट्यूनर दिला तरी तो त्याच पोर्टमध्ये, त्याच बूस्टरच्या पुढे बसणार आणि तसाच वागणार.

आधी हार्ड डिस्क. यूएसबी 3 ची डिस्क आणि तिची वायर चालू असताना रेडिओ लहरींचा बराच गोंगाट सोडतात. निळ्या पोर्टमध्ये डिस्क आणि तिला खेटून ट्यूनर असला की हा गोंगाट थेट ट्यूनरच्या अँटेना-इनपुटजवळ पोचतो. कॉपी सुरू झाली की गोंगाट वाढतो, संपली की चित्र सुधारतं. तुमचं वर्णन तंतोतंत असंच आहे. उपाय साधा: साधारण एक मीटरची, शिल्डिंग असलेली यूएसबी 2 एक्स्टेंशन वायर घ्या आणि ट्यूनर संगणकापासून आणि डिस्कपासून लांब ठेवा. फार लांब किंवा फार बारीक तारांची एक्स्टेंशन नको, तीत व्होल्टेज पडतं. अ‍ॅडॅप्टर नसलेला हबही नको: यूएसबी 2 पोर्ट सगळ्या उपकरणांना मिळून 500 मिलिअँपियर देतो आणि असा हब तेवढ्यातच सगळ्यांना वाटून देतो. ‘यूएसबी 2 चा वेग पुरेल का’ ही शंका नको. डीव्हीबी-टी (अँटेनावरून येणाऱ्या डिजिटल टीव्हीची पद्धत) मधला अख्खा मल्टिप्लेक्स, म्हणजे एकत्र येणारा वाहिन्यांचा गठ्ठा, सेकंदाला जास्तीत जास्त 32 मेगाबिटच्या आत असतो आणि यूएसबी 2 ची क्षमता 480 आहे.

आता बूस्टर. तो काढा. गलक्यात बोलणाऱ्यापुढे माइक धरला तर गलकाही तेवढाच मोठा होतो. केबलच्या संगणकाकडच्या टोकाला लावलेल्या बूस्टरचं तेच होतं. त्यात जवळच्या प्रक्षेपकाचा सिग्नल मुळातच जोरात असेल तर ट्यूनरचं पुढचं टोक (सिग्नल पहिल्यांदा आत घेणारा भाग) तुंबतं आणि वाहिन्या एकमेकींत मिसळू लागतात. स्ट्रेंथ (सिग्नलचा जोर) 95 टक्के आणि चित्र मात्र फुटतंय, हे त्याचं लक्षण. खात्री करायची तर 6 किंवा 10 डीबीचा (डेसिबल, सिग्नलच्या जोराचं माप) अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा जोड, ट्यूनरच्या तोंडाशी लावा. सिग्नल कमी करून क्वालिटी (सिग्नलची शुद्धता) वाढली, तर ओव्हरलोड पक्का. बूस्टर खरोखर लागतोच तेव्हा त्याची जागा अँटेनापाशी, केबल सुरू होण्याआधी.

टीव्हीवर चालतं त्याचं कारण असं की टीव्हीतला ट्यूनर धातूच्या डबीत बंद असतो, शेजारी कुठली डिस्क नसते आणि बऱ्याच टीव्हींचं पुढचं टोक जोरकस सिग्नल जास्त सहन करतं. शिवाय डिजिटल चित्र हळूहळू बिघडत नाही. डीव्हीबी-टीमध्ये 204 बाइटच्या प्रत्येक पाकिटात 8 चुकीच्या बाइटपर्यंत दुरुस्ती होते. त्यापुढे एक जरी बाइट गेला तरी ते पाकीट वाया. 64-क्वामला (सिग्नलमध्ये माहिती भरण्याची एक पद्धत) साधारण 17 ते 20 डीबी एसएनआर (गोंगाटापेक्षा सिग्नल किती वरचढ) लागतो. टीव्हीला 21 मिळत असेल आणि ट्यूनरला 17, तर एकाच केबलवर एक निर्धास्त आणि दुसरा कड्यावर, असं दिसतं.

एवढं करूनही सिग्नल गेला, तर चित्र अडकलेल्या क्षणी ट्यूनरच्या प्रोग्रॅममध्ये काय दिसतं ते लिहून ठेवा. सगळा निवाडा तिथेच होतो. स्ट्रेंथ जागेवर आणि क्वालिटी खाली, त्रुटी वाढल्या: गोंगाट किंवा ओव्हरलोड. दोन्ही एकदम पडले: केबल, जोड किंवा स्प्लिटर (एका केबलच्या अनेक वाटा करणारा जोड). विंडोजचा ‘उपकरण काढलं’ असा आवाज आला: यूएसबीची वीज किंवा ढिला पोर्ट. आणि त्रुटी शून्य असूनही चित्र अडकतं तेव्हा अँटेनाच्या नादी लागू नका. ते डिकोडिंगचं, ग्राफिक्स ड्रायव्हरचं किंवा रेकॉर्डिंग होणाऱ्या डिस्कचं काम आहे. (‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’, म्हणजे रिकामं यूएसबी उपकरण झोपवून वीज वाचवणारी विंडोजची सोय, बंद करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. बंद करायला हरकत नाही, पण ही सोय मुख्यतः संगणक झोपेतून उठल्यावर त्रास देते, बघता बघता चित्र जाण्याला सहसा कारण नसते.)

जोड तपासताना एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा फिरवून बसवायचा जोड) उघडून बघाच. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर 2-3 मिलिमीटर यायला हवी, आणि तिच्याभोवतीच्या तारांच्या जाळीचा एकही केस तिला चिकटलेला नको. असा एक केस वारा किंवा धक्का लागला की मधल्या तारेला टेकतो आणि सिग्नल ‘कधी आहे, कधी नाही’ होतो. हिरवट किंवा काळी पडलेली जाळी म्हणजे पाणी शिरलंय. तेवढा तुकडा कापूनच टाकायचा. दोन वाटांचा स्प्लिटर साधारण 4 डीबी खातो, चार वाटांचा 7-8. त्याच्या रिकाम्या तोंडावर 75 ओहमचं टर्मिनेटर (तोंड बंद करणारं टोपण) बसवा. आणि जाड आरजी-6 अँटेना-केबल थेट ट्यूनरच्या इवल्या सॉकेटला लटकवू नका. तिच्या वजनाने आतली पकड ढिली होते. मध्ये छोटी मऊ वायर लागते, ती ट्यूनरच्या डब्यात दिली आहे.

परत पाठवण्याबद्दल: आमच्या टेबलावर ट्यूनर स्वच्छ सिग्नलवर तापेपर्यंत चालवून त्रुटी मोजल्या जातात. त्यात तो बिनचूक निघाला. म्हणून ‘चांगला आहे’ म्हटलं, तुमच्या तक्रारीला खोटं म्हटलेलं नाही.

आता एवढं करा. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप घ्या, चार्जर काढा, दुसरं एकही यूएसबी उपकरण लावू नका. अँटेनाची केबल स्प्लिटर-बूस्टरशिवाय थेट ट्यूनरला जोडा आणि टीव्हीवर स्वच्छ दिसणारी वाहिनी तासभर चालू ठेवा. तरीही चित्र तुटलं तर त्या वेळचे स्ट्रेंथ, क्वालिटी आणि त्रुटी दाखवणारा स्क्रीनशॉट बिल क्रमांकासह पाठवा. ट्यूनर बदलून देऊ, पुन्हा तपासणीला मागवणार नाही.