साहित्यवाटप झालं, शिक्षक कधी देणार?

दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी सरकार काय करतं, असं विचारलं की साहित्यवाटपाचे फोटो पुढे येतात. मांडव, व्हीलचेअरची रांग, श्रवणयंत्रं. (आणि बॅनरवर मुलांपेक्षा मोठे चेहरे!) साहित्य लागतंच, त्याला माझी ना नाही. पण कानाला यंत्र लावलं की मूल बोलायला लागतं, असं नसतं. कानावर पडणाऱ्या आवाजाचा अर्थ लावायला त्याला रोज शिकवावं लागतं. ते शिकवणारा विशेष शिक्षक मात्र बहुतेक ठिकाणी कंत्राटी. एकेकाकडे कितीतरी शाळा, त्यामुळे तुमच्या मुलाच्या वाट्याला तो येणार कधीतरी, तासाभरासाठी.

कायदा तोकडा नाही. शिक्षण हक्क कायदा १४ व्या वर्षापर्यंतचा आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मात्र ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण देतो. जवळच्या साध्या शाळेत जायचं की विशेष शाळेत, ही निवड मुलाची. तरीही 'आमच्याकडे सोय नाही, विशेष शाळेत बघा' असं तोंडावर सांगून पालकांना वाटेला लावलं जातं. सोय करणं ही शाळेची जबाबदारी आहे, हे त्याच कायद्यात लिहिलंय. पण शाळेशी भांडून मूल तिथेच बसवायचं, तर पालकांच्या पोटात गोळा येणारच.

पैशांचं बघा. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेत अशा एका मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांचा निकष. महिन्याला तीनशेही पडत नाहीत. मुलींना वेगळा प्रोत्साहन भत्ता, महिना २०० रुपये. ही रक्कम वाढायलाच हवी, पण माझ्या मते ती दुप्पट झाली तरी वर्गात शिकवणारं कुणी नसेल तर फारसं हाती लागणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्येच प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे १ आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरवून दिलं. मंजूर पदं, कायम नेमणूक, वेळेवर पगार, एवढंच तर करायचंय. पण पदनिर्मिती म्हणजे कायमचा खर्च, आणि त्याचा फोटो निघत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: विशेष शिक्षक कोणत्या वारी येतात, आणि गेल्या महिन्यात किती वेळा आले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.