एक्सच्या जागी वाय

'एक्स म्हणजे समजा काहीही' एवढ्या एका वाक्यावर मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. पोरं ऐकून घेत. संगणक ऐकून घेत नाही.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकला, की ज्याच्या घरचा कूलर धड, त्याच्याकडे नातेवाईक जास्त. भाचा लॅपटॉपसकट आमच्या धरमपेठेतल्या घरी मुक्कामाला आला. बीजगणित सोडवणारे वेगवेगळे प्रोग्रॅम घ्यायचे आणि त्यांची तुलना करायची, असा त्याचा प्रोजेक्ट. "मामा, तुमचाच तर विषय आहे न!" म्हणून मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः आमरसाच्या पातेल्याकडे वळला.

पहिला सिंपाय. 'एक्स अधिक १' लिहिलं, तर हे नाव ओळखीचं नाही म्हणून एरर. "त्याले आधी सांगा लागते मामा, एक्स चिन्ह आहे म्हणून." सांगितलं. राशी तयार झाली. मग 'एक्स = ५' लिहिलं, तरी राशी ढिम्म! एक्स हे नाव पाचला गेलं, पण राशीत आधीच बसलेला एक्स काही जागचा हलला नाही. त्याला उठवायला 'सब्स' ही अदलाबदलीची आज्ञा लागते.

मॅथेमॅटिकाचं उलट. तिथे इंग्रजी अक्षरांत 'संत्रा अधिक १' लिहा, निमूट '१ अधिक संत्रा' असं परत देईल. मात्र सकाळी एक्सला पाच म्हटलं असेल, तर 'क्लिअर' करेपर्यंत दिसेल तो एक्स पाचच.

खरी गंमत अदलाबदलीत. 'एक्स वजा वाय' घ्या. एक्सच्या जागी वाय, वायच्या जागी एक्स. सातवीतलं पोरगं 'वाय वजा एक्स' सांगेल. सिंपायला हीच यादी दिली, तर उत्तर शून्य! तो आधी एक्सचा वाय करतो, मग वायमधून वाय गेला, पुढे बदलायला उरलं काय? 'सायमल्टेनियस' असं मुद्दाम बजावलं, की जमतं. मॅथेमॅटिका दोन्ही बदल एकदमच करतं. मेपलमध्ये नुसते स्वल्पविराम दिले तर एकामागून एक, महिरपी कंस दिला तर एकदम. म्हणजे सगळी भिस्त कंसावर. कंस विसरणाऱ्यांचे मी आयुष्यभर अर्धे मार्क कापले, ते उगीच नव्हे.

मॅक्सिमा मात्र लग्नघरातल्या आत्याबाईसारखा. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६८ साली सुरू झालेल्या प्रणालीचा वंशज, त्यामुळे चौकशीचा अधिकार वडिलोपार्जित. एक्सच्या एन घाताचं संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, मागितलं, तर आधी विचारतो, 'एन उणे एक आहे का?' उत्तर दिलं, पण शेवटी अर्धविराम नाही, तर बसतो वाट बघत. ए असलेल्या दुसऱ्या गणितात विचारतो, 'ए धन, ऋण की शून्य?' आधीच 'अझ्यूम' करून ए धन असल्याचं सांगून ठेवलं, तर गप्प राहतो. मला तो मनापासून आवडला. मॅथेमॅटिका उणे एकची फिकीर न करता सरळ सूत्र देऊन मोकळं होतं.

"मामा, शेवटचा रकाना राहिला. वापराले सोपं कोणतं?"

"कागद-पेन लिही."

"नाही चालत. सरांनी व्हर्शन नंबर मागितला आहे."