विषयांतर म्हणे!

काल मुलीची उत्तरपत्रिका हातात पडली तेव्हापासून डोकं तापलंय, अजून शांत होत नाही. बी.ए.ला इतिहास आहे तिचा. प्रश्न होता, ‘मध्ययुगीन युरोपातील गिल्डचे महत्त्व स्पष्ट करा.’ गिल्ड म्हणजे एकाच धंद्यातल्या कारागिरांची किंवा व्यापाऱ्यांची संघटना. पोरीनं इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या लोकर कामगारांवर पानभर लिहिलं होतं. त्यावर लाल शाईची आडवी रेघ आणि एक शब्द: विषयांतर. दहापैकी चार गुण.

अहो, विषयांतर कसलं? तोच तर विषय!

मग तिच्या नोट्स काढून बघितल्या. मालाचा दर्जा राखणे, किमती ठरवणे, शिकाऊंना प्रशिक्षण, सभासदांना मदत, विधवांना आधार. झाले पाच मुद्दे. पंचवीस वर्षांपूर्वी मीसुद्धा हेच घोकलं होतं. जणू सगळं शहर गुण्यागोविंदानं नांदत होतं आणि कुणाचं कुणाशी भांडणच नव्हतं!

फ्लॉरेन्समध्ये २१ गिल्ड होती. त्यांतली ७ मोठी, व्यापारी-सावकारांची. गिल्डचा सभासद नसेल त्याला शहराच्या कारभारात पद नाही. आणि ज्यांच्या हातांवर ते शहर श्रीमंत झालं, ते लोकर पिंजणारे, विंचरणारे, धुणारे? त्यांना स्वतःचं गिल्ड काढायलाच बंदी. मालकांचं गिल्ड त्यांची मजुरी ठरवणार आणि शिक्षाही तेच देणार. जुलै १३७८ मध्ये ही माणसं उठली. त्यांना चोंपी म्हणत. त्यांनी सरकारी वाडा ताब्यात घेतला, मिकेले दि लान्दो नावाच्या लोकर कामगाराला थेट सरकारच्या प्रमुखपदी बसवलं आणि तीन नवी गिल्ड मिळवली. चोंपींचं स्वतःचं गिल्ड काही आठवड्यांतच मोडून काढलं गेलं. उरलेली दोन १३८२ मध्ये गेली. आता सांगा, हे त्या पाच मुद्द्यांतल्या कुठल्या मुद्द्यात बसवायचं? बसत नाही म्हणून काट मारायची?

बायकांचंही तेच. नोट्समध्ये बाई येते ती फक्त विधवा म्हणून, मदत घ्यायला. १२६८ च्या सुमारास एतिएन ब्वालो या पॅरिसच्या राजाधिकाऱ्यानं तिथल्या शंभरेक धंद्यांचे नियम लिहून घेतले, त्यात रेशमाचे काही धंदे बायकाच चालवत होत्या. जर्मनीतल्या कलोन शहरात सूत करणाऱ्या बायकांच्या गिल्डला १३९७ मध्ये मान्यता मिळाली, रेशीमवाल्यांच्या गिल्डला १४३७ मध्ये. बायका तिथे उस्ताद होत्या, हाताखाली शिकाऊ मुली ठेवत होत्या. एक ओळ लिहायला काय जातं?

आणि धड्याचं पहिलंच वाक्य तर असं: ‘मध्ययुग हे अंधारयुग होते.’ संताप येतो नुसता! फ्रान्समधल्या शांपेन प्रांतातल्या व्यापारी जत्रांना अंधार म्हणायचं? त्र्वा, प्रोव्हँ, लान्यी आणि बार-स्यूर-ओब या चार गावांत मिळून वर्षाला सहा जत्रा भरायच्या. फ्लांडर्सचं (आजच्या बेल्जियमकडचा प्रांत) कापड उत्तरेकडून यायचं, इटलीचे व्यापारी दक्षिणेकडून मसाले आणायचे. तिथला काउंट, म्हणजे प्रांताचा सत्ताधारी सरदार, वाटेवर त्यांच्या संरक्षणाची हमी द्यायचा. एखाद्यानं पैसे बुडवले आणि त्याच्या शहरानं दाद दिली नाही, तर त्या शहराच्या सगळ्याच व्यापाऱ्यांना जत्रेची दारं बंद होऊ शकत. किती डोकं लावलं होतं त्या लोकांनी! आणि ११ जुलै १३०२ ला कोर्त्रेइक गावाजवळच्या मैदानात फ्लांडर्सच्या गिल्डमधल्या विणकरांनी, कारागिरांनी पायी लढून फ्रान्सच्या घोडेस्वार सरदारांना लोळवलं. गिल्डचं महत्त्व हवंय ना? हे घ्या महत्त्व!

पोरगी काल रात्री म्हणाली, ‘आई, पुढच्या वेळी नोट्समधलंच लिहीन.’ पोटात तुटलं माझ्या. ती चार पुस्तकं धुंडाळून, स्वतःच्या डोक्यानं लिहून आली होती.

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आजच भरलाय. फी जाते तर जाऊ दे. सोबत जोडायला त्या पानाची झेरॉक्स काढली तेव्हा नीट दिसलं: लाल रेघ बरोबर मिकेले दि लान्दोच्या नावावरून गेली आहे.