"आठवड्यानं या" म्हणे!

आज पुन्हा तेच. काउंटरवरची मुलगी कागद पुढे सरकवत म्हणाली, "आठवड्यानं या." म्हटलं, ताई, आठवड्यानं मी ट्रक घेऊन हजार किलोमीटर पलीकडे असेन. तर म्हणते, "मग कोणाला तरी पाठवा." अहो, रक्त माझं काढायचंय! कोणाला पाठवू?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार महिन्यांपूर्वी डावी पोटरी ठणकायला लागली. क्लचचा पाय, शिणला असेल म्हणून बाम चोळला आणि गाडी हाणली. तिसऱ्या दिवशी बूट चढेना. तरी आधी माल खाली केला, मग दवाखाना. भरलेली गाडी सोडून जाणार कुठे? आणि दवाखान्याच्या दारात चौदा चाकी कुणी लावून दाखवा मला! हमरस्त्याला उभी केली आणि त्याच पायानं दोन किलोमीटर चालत गेलो.

डॉक्टरांनी टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी चार सेंटीमीटर जास्त. सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गाठ. तासन्‌तास बसून पायातलं रक्त साकळतं म्हणाले, आणि गाठ सुटून फुफ्फुसात गेली तर खेळ खलास. मी तिच्यावर बाम चोळत होतो.

तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी. भारी नखरेल. कमी पडली तर पुन्हा गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव, म्हणून सारखं रक्त तपासून डोस ठरवायचा. बरोबर आहे, नाही म्हणत नाही. पण हे ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रोज संध्याकाळी घरी येणारा माणूस असतो. आम्ही त्यांच्या हिशेबातच नाही. दर वेळी नवा डॉक्टर, नवा केसपेपर, पहिल्यापासून रामायण. वर प्रश्न ठरलेला, "इतके दिवस काय करत होतात?" गाडी चालवत होतो साहेब! सारखी तपासणी न लागणाऱ्या गोळ्याही असतात म्हणे. विचारलं, तर उत्तर आलं, "पुढच्या वेळी बघू."

मागे एकानं सर्दीची गोळी दिली. काम काय करता, एवढंही विचारलं नाही. ती खाऊन डोळे मिटायला लागले. मागे गाडीभर माल! त्या रात्री गाडी बाजूला घेतली म्हणून ही पोस्ट लिहितोय.

"फोनवर दाखवायचं ना" म्हणणारे येतीलच आता. ताप-खोकला होतो फोनवर, कबूल. पोटरी कोण मोजणार? आमच्यातला एक जण इन्सुलिन घेतो. उन्हात उभ्या गाडीची केबिन म्हणजे भट्टी, त्यात औषध नासतं. त्याला फोनवर काय सांगणार, गाडी सावलीत लावा?

आमचंही चुकतं. गाडी थांबवायला नको म्हणून पाणी कमी पितो, मालकापासून आजार लपवतो. ट्रिप चुकली की त्या दिवसाचे पैसे गेले, हेही खरंच. आणि त्या मुलीवर उगाच आवाज चढवला मी. तिच्यामागे रांग होती, ती तरी काय करणार.

रिपोर्टांची पिशवी सीटमागे आहे, टेपही त्यातच ठेवतो. लोडिंगच्या रांगेत बसल्या बसल्या आत्ता पाय मोजले. डावा सदतीस, उजवा छत्तीस. चला, नंबर लागला माझा.