एसएसएच की आणि जामदारखान्याच्या किल्ल्या

तर पासवर्ड आता चालत नाही हे तुम्हाला कळलं असेलच, नसेल तर कळेल, कारण १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने (जिथे आपण आपला कोड ठेवतो ती साइट) टर्मिनलवरून पुश-पुल, म्हणजे कोड वर चढवणं-खाली उतरवणं, करताना खात्याचा पासवर्ड घेणंच बंद केलंय. शुक्रवार होता तो. इतका छान पासवर्ड होता हो, कुत्र्याचं नाव आणि पुढे १२३, बँकेला तोच, लाइटबिलाला तोच, आणि एका दिवसात निकामी. असो. आता टोकन, म्हणजे गिटहबनेच बनवून दिलेला लांबलचक पासवर्ड, तरी घ्या नाहीतर एसएसएच की, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी किल्लीच्या फाइलींची जोडी, करा, आणि करायचीच आहे तर नीट करा, म्हणजे मी करतो तशी.

आधी एखादं जुनं ट्युटोरियल शोधा, जितकं मुरलेलं तितकं बरं. हल्लीची पोरं म्हणतात ईडी२५५१९ टाइपची की करा, ओपनएसएसएचमध्ये २०१४ पासून आहे, पब्लिक की एका छोट्याशा ओळीत मावते. ऐकू नका. तुम्ही डीएसए करा, ती जुनीपुराणी जात. गिटहब डीएसए की १५ मार्च २०२२ पासून घेतच नाही, त्यामुळे तुमचे दोन तास मस्त जातील आणि रोजच्या स्टँडअप मीटिंगला सांगायला काहीतरी असेल, की काल ॲक्सेसवर काम करत होतो.

कीजेन (की बनवणारी कमांड) चालवलं की ते पासफ्रेज, म्हणजे कीच्या फाइलीला लावायचा पासवर्ड, विचारतं आणि बाजूलाच लिहितं की नको असेल तर रिकामं सोडा. एवढं प्रेमाने सुचवलंय तर कशाला मोडता घालायचा? एंटर, एंटर. मग स्क्रीनवर चौकटीत ठिपक्यांची एक रांगोळी येते, तिच्याकडे बघून मान डोलवायची, ती कशासाठी असते ते आमच्या टीममध्ये आजवर कुणी विचारलं नाही. पासफ्रेज टाकली असती तर लॅपटॉप रिक्षात विसरला तरी नुसती फाइल मिळून कुणाला उपयोग झाला नसता, आणि एसएसएच-एजंट हा उघडलेली की सांभाळणारा प्रोग्रॅम चालू ठेवला की ती दर वेळी टाइपही करावी लागत नाही. पण एजंट म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, फ्लॅट घेताना एक भेटला होता तेवढा पुरे.

आता तुमच्याकडे दोन फाइली झाल्या. एकीच्या शेवटी डॉट पब आहे, ती पब्लिक की, जगाला दाखवायची, आणि दुसरी बिनशेपटाची, ती प्रायव्हेट की, कुणालाच दाखवायची नाही. आपली संस्कृती काय सांगते, पाहुण्याला चांगलं ते द्यावं. म्हणून गिटहबच्या सेटिंग्जमध्ये बिनशेपटाचीच पेस्ट करा. ते म्हणेल ही की चालत नाही, पब्लिक की द्या. तिथे हार मानू नका, लीडला दाखवायला स्क्रीनशॉट काढा, त्यात आख्खी प्रायव्हेट की बिगिनपासून एंडपर्यंत स्वच्छ दिसली पाहिजे, आणि तो ऑफिसच्या ग्रुपवर टाका. ज्या ग्रुपवर वाढदिवसाचे केक असतात त्याच. आमच्या एका जुन्या कंपनीत (नाव नको, तिथला पीएफ अजून अडकलाय) तर सगळ्या टीमची मिळून एकच की होती. अकरा माणसं, एक की. कुणी काय पुश केलं ते कळायची सोयच नाही, त्यामुळे भांडणं नाहीत, वातावरण कसं खेळीमेळीचं. एक मुलगा सोडून गेला तेव्हा कुणीतरी म्हणालं की बदलायची का, तर मॅनेजर म्हणाले, अरे तो चांगल्या घरचा आहे.

की केली, पब्लिकवाली टाकली, आणि तरी पुश करताना युजरनेम-पासवर्ड मागतंय? हे होणारच, कारण तुमच्या रिपोचा (कोडच्या फोल्डरचा) रिमोट, म्हणजे गिटहबवरचा पत्ता, अजून एचटीटीपीएसचाच आहे आणि त्याला तुमच्या कीशी काही देणंघेणं नाही. रिमोटचा पत्ता बदलून एसएसएचवाला केला तर मिनिटात सुटतं. पण मिनिटात सुटणाऱ्या गोष्टी मिनिटात सोडवल्या तर आपली किंमत काय राहणार, म्हणून आधी दुसरी की करा, मग तिसरी, मग लॅपटॉप रीस्टार्ट.

मध्येच एसएसएच कुरकुर करेल, की प्रायव्हेट की फाइलच्या परमिशन फार मोकळ्या आहेत, मी ही वापरणार नाही. ६०० केलं, म्हणजे फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल असं, की गप्प बसतं. पण आपण लहानपणापासून ७७७ वर, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं यावर, वाढलो, सर्व्हरवर काहीही अडलं की चमॉड ७७७, गणपतीला दूर्वा तसं. ते करून बघाच. एसएसएच आणखी मोठ्याने ओरडेल. मग सुडो लावा, म्हणजे कमांड रूटच्या, मशीनच्या मुख्य मालकाच्या, नावाने चालेल आणि त्या रूटच्या फोल्डरात आणखी एक की करायची वेळ येईल, तेवढाच संग्रह वाढतो.

पहिल्यांदा कनेक्ट करताना ते विचारतं, हा सर्व्हर खराच गिटहब आहे का, हा घ्या त्याच्या कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे ओळखीचा ठसा. खरा फिंगरप्रिंट गिटहबने स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये छापून ठेवलाय, शेजारी शेजारी धरून बघायला अर्धा मिनिट. कोण बघतं? यस. १९९५ साली हेलसिंकीच्या टेक्नॉलॉजी युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत बसलं होतं, म्हणून तिथल्या टाटू य्लेनेन नावाच्या माणसाने एसएसएच लिहिलं, त्यासाठी रीतसर अर्ज करून पोर्ट २२ (नेटवर्कवरचा ठरावीक दरवाजा) मागून घेतलं. एवढा त्याचा खटाटोप, आणि आपलं उत्तर तीन अक्षरी.

२४ मार्च २०२३ ला खुद्द गिटहबला आपली आरएसए होस्ट की (सर्व्हरची स्वतःची ओळख पटवणारी की) बदलावी लागली, कारण तिचा प्रायव्हेट भाग थोडा वेळ एका पब्लिक रिपोत दिसत होता. त्यांच्याच साइटवर! लोकांच्या स्क्रीनवर कॅपिटल अक्षरांत इशारे आले, की कुणीतरी काहीतरी वाईट करत असण्याची शक्यता आहे. काही विचित्र लोकांनी नवीन फिंगरप्रिंट ताडून पाहिला आणि नोन होस्ट्स या ओळखीच्या सर्व्हरांच्या फाइलीतली जुनी ओळ तेवढी काढली. तुम्ही मात्र कायमचा बंदोबस्त करा, स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंग या सर्व्हर ताडून बघायच्या सेटिंगला 'नो' लिहून टाका, म्हणजे तो इशारा परत तुमच्या कामात खोडा घालणार नाही, कुणी खरंच मध्ये येऊन बसलं तरी.

आणि बॅकअप हवा ना. की रिपोतच ठेवा. गिट ॲड डॉट, कमिट (बदलांची नोंद), पुश, झालं. कुणी बोंब मारलीच तर पुढच्या कमिटमध्ये डिलीट करा आणि मेसेज लिहा 'सिक्युरिटी फिक्स'. जुन्या कमिटमध्ये ती तशीच बसलेली असते, हिस्टरीत जाऊन कुणीही काढू शकतं, की रद्द करून नवीन केल्याशिवाय उपाय नाही, पण तो मेसेज वाचून अप्रेझलला बरं वाटतं.

परवा उगाच गिटहबच्या सेटिंग्जमध्ये माझ्या कीजची यादी बघत बसलो होतो. 'नवा लॅपटॉप', 'नवा लॅपटॉप २', 'टेस्ट', 'टेस्ट फायनल', 'एएसडीएफ'. प्रत्येकीखाली शेवटची कधी वापरली ते लिहिलेलं असतं. 'नवा लॅपटॉप' हा मी दोन वर्षांपूर्वी सेकंडहँडमध्ये विकला, फॉरमॅट करायचा राहूनच गेला होता. तिच्याखाली लिहिलंय, गेल्या आठवड्यात वापरली. मी घेणाऱ्याला तेव्हाच म्हटलं होतं, डोळे झाकून घ्या, मशीन अजून वर्षानुवर्षं चालेल.