फ्यूजन रिअ‍ॅक्टरमधले आरसे वितळतात म्हणे!

एक दावा सगळीकडे फिरतोय की प्लाझ्मा (इंधनाचा अतिगरम, चार्ज असलेला वायू) बघायला आत जे धातूचे आरसे बसवतात ते १५ कोटी डिग्रीत वितळणार, उरलेसुरले ते फ्यूजनमधून सुटणारे न्यूट्रॉन फोडणार, मग आत काय चाललंय ते कळणारच नाही, म्हणजे फ्यूजन संपलं.

आधी वितळणं. १५ कोटी डिग्री हे ईटरच्या (फ्रान्समधे बांधला जाणारा आंतरराष्ट्रीय फ्यूजन रिअ‍ॅक्टर) प्लाझ्माच्या गाभ्याचं तापमान, आणि तो प्लाझ्मा हवेपेक्षा लाखपटीहून जास्त विरळ, वर चुंबकीय क्षेत्राने भिंतीपासून लांब धरलेला. आरसा तापतो, पण आरशाचा धातू मॉलिब्डेनम वितळायला २६०० डिग्रीच्या वर जावं लागतं, तिथवर गाडी जातच नाही.

न्यूट्रॉनचं तर उलटंच आहे, धातू घेतात तोच त्यांच्यामुळे. रेडिएशनने काच काळवंडते, म्हणून लेन्स मागे आणि पुढे आरशांची नागमोडी वाट, प्रकाश वळतो आणि न्यूट्रॉन सरळ शील्डिंगमधे घुसतात.

खरी भानगड वेगळीच आहे आणि ती हे लोक सांगतच नाहीत. चुंबकीय क्षेत्र फक्त चार्ज असलेल्या कणांना धरतं. गरम आयनने (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूने) गार अणूचा इलेक्ट्रॉन उचलला की तो न्यूट्रल, मग त्याला कोण अडवणार, थेट आरशावर आदळून वरचे अणू उडवतो. साध्या धातूत बारीक क्रिस्टल वेगवेगळ्या दिशांनी बसलेले, प्रत्येकाची झीज वेगळी, पृष्ठभागाला पायऱ्या पडतात आणि प्रकाश विखुरतो. म्हणून सिंगल क्रिस्टल मॉलिब्डेनम, झिजतो पण गुळगुळीत राहतो. ऱ्होडियम जास्त चमकतं, पण ते कोटिंग, किती झिजू देणार?

तरी झीज परवडली, थर नको. भिंतीवरून उडालेला माल (ब्रिटनमधल्या जेट या फ्यूजन रिअ‍ॅक्टरमधे आधी कार्बन, २०११ पासून २०२३ मधे तो बंद होईपर्यंत बेरिलियम आणि टंगस्टन) आरशावर बसतो, आणि काही दहा नॅनोमीटर झाला तरी पुरे. तो सगळ्या रंगांना सारखा खात नाही, निळा आणि अल्ट्राव्हायोलेट जास्त मार खातात. आरसा सरसकट मंद झाला असता तर निभावलं असतं, पण प्लाझ्माच्या प्रकाशातल्या दोन रंगांच्या रेषांच्या तेजाच्या गुणोत्तरावरून तापमान काढत असाल तर उत्तरच चुकतं आणि कळतही नाही.

'मग काहीच दिसणार नाही' हेही खरं नाही. शटर असतात, आरसा आत खोलवर बसवतात, आणि आरशालाच इलेक्ट्रोड करून आरएफ प्लाझ्माने (रेडिओ लहरींनी आरशापाशी पेटवलेल्या वायूने) जागच्या जागी थर उडवायचं तंत्र आहे, स्वित्झर्लंडच्या बाझेल विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. शंका काढायचीच तर इथे काढा, कारण ईटरने २०२३ मधे भिंतीला बेरिलियमऐवजी टंगस्टन लावायचं ठरवलं, या सफाईत हलक्या वायूने टंगस्टनचा थर सहज उडत नाही, आणि जड वायू वापरला तर दर सफाईत थोडा आरसाही जातो.