जुने कपडे नकोत, हातात पैसे द्या

विस्थापितांना वस्तूंऐवजी थेट रोख मदत द्यावी, हे लेखातलं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं, तेव्हा आमच्या पंचवटीतूनही टेम्पो भरून मदत गेली. (त्याच सुमारास इथे गोदेलाही पूर होता, तरी लोकांनी हात आखडता घेतला नाही.) पण गोण्यांत काय? उसवलेली स्वेटरं, बटणं तुटलेले शर्ट, जरीच्या जड साड्या. घरातला चिखल उपसणाऱ्या बाईला हवं असतं फावडं, सॅनिटरी पॅड, गॅसची शेगडी. तिची गरज तिलाच ठाऊक, मग पैसे तिच्याच हातात जाऊ देत.

मात्र सुदानमधल्या वेढलेल्या शहरांसारखा बाजारच कोलमडला असेल, तर नोटा काय कामाच्या? तिथे धान्यच पोचवावं लागतं. हे लेखात यायला हवं होतं.

शिवाय संयुक्त राष्ट्रांचा १९५१ चा निर्वासित करार छळामुळे देश सोडणाऱ्यांसाठी आहे. पूर-दुष्काळाने घर गेलेल्यांचा त्यात उल्लेखच नाही. २०२४ अखेर जगभरात युद्ध आणि छळामुळे १२ कोटींहून अधिक लोक विस्थापित होते, त्यातले निम्म्याहून जास्त आपल्याच देशात. देश न सोडलेल्या या लोकांनाही हा करार लागू होत नाही. यावर सविस्तर लिहा, ही कळकळीची विनंती.